डबींतील अदृश्य मळ

(नभोवाणीवरील भाषण)

न्हाणें झालें, केंस विंचरले, कपाळीं कुंकू लागलें, कीं मनुष्य स्वच्छ झाला अशी आपली घरगुती व्याख्या आहे. दुकानांतून आणलेल्या सुवासिक डबीविषयीं तर आपणांस शंकाही येत नाहीं. तिच्यावर सोनेरी अक्षरें असतात, आंतील क्रीम पांढरें शुभ्र असतें, वास गोड असतो. मग तींत मळ असेल हें मनांत यावें तरी कसें? परंतु ज्या मळाविषयीं आज मी बोलणार आहें, त्याला बहुधा रंग नसतो, वास नसतो, आणि तो नुसत्या डोळ्यांस तर दिसतच नाहीं. तो मळ म्हणजे सूक्ष्मजंतु. औषधांच्या आणि प्रसाधनांच्या डब्यांत हे जंतु कसे शिरले, मनुष्यानें त्यांना कसें ओळखलें आणि त्यांना बाहेर ठेवण्याचे नियम कोणती किंमत देऊन तो शिकला, ह्याचा इतिहास बोधप्रद आहे. त्या इतिहासांतील दोन मोठीं प्रकरणें आपल्या मुंबई शहराशीं निगडित आहेत. म्हणून तो आपणां मराठी माणसांच्या घरचाच इतिहास म्हटला पाहिजे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घेऊं. आपल्या आजीच्या काळचीं प्रसाधनें कोणतीं? हळद, कुंकू, शिकेकाई, तिळाचें तेल, तुपाच्या दिव्यावर धरलेलें काजळ. ह्या सर्वांत पाणी जवळजवळ नाहींच. जंतूंना वाढावयास ओल लागते. कोरड्या भुकटींत ते सगळेच मरतात असें नव्हे. कांहीं जातींचे जंतु कठीण कवचाचे बीजाणु होऊन वर्षानुवर्षें निजून राहतात. परंतु तेथें त्यांची वीण होत नाहीं. चंदन उगाळावयास पाणी लागे खरें, पण तें गंध त्याच दिवशीं संपून जाई. आधुनिक क्रीमची गोष्ट निराळी आहे. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी ह्यांना घुसळून एकजीव केलेलें मिश्रण. तें कारखान्यांत तयार होतें, मालगाडींतून प्रवास करतें, दुकानांत महिनोन्‌महिने राहतें आणि घरीं आल्यावर वर्षभर पुरवावें लागतें. एवढ्या अवधींत तें नासूं नये म्हणून त्यांत जंतुरोधक द्रव्य घालावें लागतें. लोणच्यांत मीठ आणि वर तेल कां घालतात, आणि बरणींत ओला चमचा घातला तर आई कां रागावते, हें ज्या मुलास कळलें त्यास क्रीमचें सारें शास्त्र अर्धें कळलें, असें मी वर्गांत सांगत असें. उरलेलें अर्धें समजण्यासाठीं आपणांस परळच्या प्रयोगशाळेंत जावें लागेल.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली. त्या वर्षीं वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगीं टोंचून घेतली. पुढें १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली. लस तेथें तयार होई आणि बाटल्यांत भरून दूरदूरच्या प्रांतांत जाई. आरंभीं तींत शेंकडा अर्धा भाग कार्बोलिक आम्ल घालीत. पुढें पंजाबांतून फार मोठी मागणी आली, तेव्हां काम लवकर उरकावें म्हणून हें आम्ल वगळून केवळ उष्णतेनें जंतु मारण्याची रीत स्वीकारण्यांत आली. हा कांहीं निष्काळजीपणा नव्हता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतही ती रीत चालू होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल ह्या गांवीं १०७ लोकांस लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जणांस जी लस मिळाली ती एकाच बाटलींतील होती. आठवड्याच्या सुमारास त्या १९ जणांस धनुर्वाताचीं चिन्हें दिसूं लागलीं, आणि ते सर्वच्या सर्व दगावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांस कांहीं झालें नाहीं. त्या घातकी बाटलीवर क्रमांक होता. म्हणून ती परळास ४१ दिवसांपूर्वीं भरली होती, हेंही शोधून काढतां आलें.

मुंबईचे मुख्य न्यायमूर्ति सर लॉरेन्स जेंकिन्स ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली. बाटली उघडण्यापूर्वींच, म्हणजे परळासच, तींत धनुर्वाताचे जंतु शिरले असावेत असा मंडळाचा निष्कर्ष होता, आणि कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिनांवर आला. त्यांना आपली जागा सोडावी लागली. परंतु प्रकरण तेथें संपलें नाहीं. मुलकोवालास त्या दिवशीं बाटलीचें बूच काढतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून शुद्ध करावयाचा तो केवळ औषधी पाण्यांत बुडवून पुन्हां वापरला गेला, हें पुराव्यांतच नमूद होतें. लंडनच्या लिस्टर संस्थेनें ह्या पुराव्याची छाननी केली. ४१ दिवस धनुर्वाताचे जंतु बाटलींत वाढत असते तर झांकण काढतांच दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरास तर कसलाही वास आला नव्हता. शिवाय तयार झालेलें विष इतकें सांचलें असतें कीं रोगाचीं चिन्हें पुष्कळ लवकर दिसलीं असतीं. १९०७ सालीं सर रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनीं 'टाइम्स' पत्रांत हाफकिनांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षीं सरकारनें त्यांना दोषमुक्त केलें. ते पुन्हां हिंदुस्थानांत आले ते कलकत्त्यास. परळच्या त्या संस्थेस त्यांचें नांव मिळालें तें १९२५ सालीं.

मुलकोवालच्या ह्या शोकांतिकेंतून तीन गोष्टी निघतात, आणि त्या तिन्ही आपल्या पावडरीच्या डब्यास लागू पडतात. पहिली ही कीं, कारखान्यांत शुद्ध असलेली वस्तु उघडण्याच्या क्षणीं अशुद्ध होऊं शकते. दुसरी ही कीं, आंत जंतुरोधक द्रव्य असेल तर उघडल्यानंतर आलेल्या जंतूंस तें कांहीं अंशीं तरी आळा घालतें; तें काढून टाकल्यास वापरणाराच्या हातावर सगळी भिस्त राहते. आणि तिसरी ही कीं, प्रत्येक बाटलीवर क्रमांक असेल तरच दोष कोठें झाला हें शोधतां येतें आणि निरपराध मनुष्यास न्याय मिळूं शकतो.

लसीनंतर आतां प्रसाधनांकडे वळूं. अंगास लावावयाची पावडर ही शंखजिऱ्याची असते. शंखजिरें खाणींतून निघतें, म्हणजे तें मातीचेंच भावंड. आणि धनुर्वाताचे बीजाणु मातींत असतातच. न्यूझीलंडमध्यें नवजात अर्भकांच्या नाळेवर शिंपडलेल्या शंखजिऱ्यानें धनुर्वात होऊन बालकें दगावल्याचा वृत्तान्त १९४६ सालीं तेथील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पावडर कोरडी होती, सुवासिकही असेल. परंतु कोरड्या भुकटींत निजलेल्या बीजाणूंस ओली नाळ मिळाली आणि ते जागे झाले. पुढें १९६० नंतरच्या दशकांत स्वीडनमध्यें जनावरांच्या कंठग्रंथीपासून केलेल्या गोळ्यांमुळें दोनशेंहून अधिक लोकांस आंतड्याचा संसर्ग झाला, आणि डोळ्यांत घालावयाच्या एका मलमांतही जंतु आढळले. तेथील शास्त्रज्ञ कालिंग्स ह्यांनीं ह्या सर्वांचा अहवाल १९६६ सालीं मांडला, तेव्हां युरोपांतील औषधशास्त्रज्ञ खडबडून जागे झाले. १९७७ सालीं अमेरिकेंतील विल्सन आणि अहर्न ह्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, पापण्यांस लावावयाच्या मस्काऱ्यांत स्युडोमोनास नांवाचे जंतु वाढूं शकतात, आणि ब्रश चुकून बुबुळास ओरखडला तर तेथें जखम चिघळते. पाण्याच्या नळांत, मोऱ्यांत सर्वत्र असणारा हा जंतु डोळ्यांत शिरला तर दृष्टि घालवूं शकतो.

ह्या अनुभवांतून नियम निर्माण झाले. आपल्या देशांत औषधांचा कायदा १९४० सालचा. प्रसाधनें त्याच्या कक्षेंत आलीं तीं १९६२ च्या दुरुस्तीनें. अलीकडे, २०२० सालीं, प्रसाधनांसाठीं स्वतंत्र नियमावली झाली. आंतरराष्ट्रीय मानक २०१४ सालीं निघालें. त्याप्रमाणें साधारण प्रसाधनांत एका ग्रॅममध्यें १००० हून अधिक जंतु असूं नयेत. तीन वर्षांखालील मुलांच्या आणि डोळ्यांभोवतीं लावावयाच्या वस्तूंत ही मर्यादा १०० आहे. आणि कांहीं घातक जाती तर मुळींच आढळूं नयेत. एकही जंतु नको असें हें मानक म्हणत नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आपल्या कातडीवरही असंख्य जंतु नांदत असतात. प्रश्न कोणते, किती, आणि कोणाच्या अंगावर, हा आहे.

आणखी एक परीक्षा फार मार्मिक आहे. तयार क्रीममध्यें मुद्दाम जंतु सोडतात आणि २८ दिवसांपर्यंत ते किती घटतात हें ठराविक दिवशीं मोजून पाहतात. घराचें कुलूप चोराच्या हातीं देऊन पाहण्यासारखाच हा प्रकार. जें क्रीम ह्या कसोटीस उतरतें, तेंच वापरणाराच्या ओल्या बोटासमोर टिकेल.

आतां दुसरें मुंबईचें प्रकरण. मुलुंड येथील जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या कारखान्यांत २००७ सालीं बालकांच्या पावडरीच्या १५ बॅचा नेहमींच्या मान्य रीतीऐवजीं इथिलीन ऑक्साइड नांवाच्या वायूनें निर्जंतुक करण्यांत आल्या. हा वायु जंतु मारण्यांत अत्यंत प्रभावी आहे. परंतु तो स्वतः कर्करोगकारक म्हणून जाहीर झालेला आहे. पावडरींत त्याचा अंश उरला नाहीं हें परीक्षेनें दाखविलें गेलें नाहीं, आणि ह्या रीतीस अगोदर मान्यता घेतली नाहीं, अशा कारणांवरून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१३ सालीं त्या कारखान्याचा प्रसाधनांचा परवाना रद्द करण्याचा हुकूम काढला. आपली पावडर सुरक्षितच आहे असें कंपनीचें म्हणणें होतें. ह्या प्रकरणांत मुद्दा कोणा बालकास रोग झाल्याचा नव्हता. जंतु मारण्यासाठीं योजलेलें साधन निर्दोष असल्याचें सिद्ध कोणी करावयाचें, हा होता. आणि त्याचें उत्तर स्पष्ट आहे: जो विकतो त्यानें.

कारखाना पुढें चालू राहिला, आणि त्याच पावडरीवरून आणखी एक वाद झाला. २०१८ सालीं पुणें आणि नाशिक येथून घेतलेल्या नमुन्यांचा सामू, म्हणजे आम्ल व अल्कली ह्यांचा तोल, ठरलेल्या मर्यादेबाहेर असल्याचें प्रशासनाचें म्हणणें पडलें, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें परवाना रद्द झाला. हा वाद जंतूंचा नव्हे, पण परीक्षेचा होता, म्हणून येथें सांगतों. मुंबई उच्च न्यायालयानें पुन्हां परीक्षा करविल्या. नव्या नमुन्यांत दोष आढळला नाहीं. नमुना घेतल्यापासून कारवाई होईपर्यंत इतकीं वर्षें जावींत हें न्यायालयास पटलें नाहीं, आणि जानेवारी २०२३ मध्यें ते हुकूम रद्द झाले. हाफकिनांना न्याय मिळावयास पांच वर्षें लागलीं. येथेंही नमुना आणि निकाल ह्यांत चार वर्षें लोटलीं. परीक्षा उशिरां झाली तर दोनच परिणाम संभवतात. माल सदोष असेल तर तो ह्या अवधींत मुलांच्या अंगास लागून संपलेला असतो. आणि माल निर्दोष असेल तर विकणारावर विनाकारण कलंक लागतो. दोन्हीं बाजूंनीं नुकसान लोकांचेंच होतें, कारण त्यांचा विश्वास डळमळतो.

आतां उन्हापासून रक्षण करणाऱ्या क्रीमकडे, म्हणजे सनस्क्रीनकडे, येऊं. फ्रान्समध्यें शुलर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १९३६ सालीं असें तेल बाजारांत आणलें; आज तें बहुतेक क्रीमच्या रूपांतच मिळतें. आमच्या खानदेशांत वैशाखांतील ऊन कसें असतें हें सांगावयास नको. पूर्वीं डोक्यावर उपरणें किंवा पदर घेतला कीं काम भागे. आतां शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलींच्या पिशवींत सनस्क्रीनची नळी असते, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु ही नळी कोठें राहते? तापलेल्या मोटारींत, स्कूटरच्या पेटींत, नदीकांठीं ओल्या हातांत. दुसऱ्या कोणत्याही क्रीमपेक्षां जास्त ऊब आणि जास्त ओल हिच्याच वांट्यास येते. २०१३ सालीं अमेरिकेंतील बॅजर नांवाच्या कंपनीनें आपलें बालकांचें सनस्क्रीन बाजारांतून परत मागविलें. फेरतपासणींत त्यांत स्युडोमोनास जंतु आणि बुरशी सांपडली होती. ही कंपनी नैसर्गिक घटकांबद्दल प्रसिद्ध. म्हणजे 'नैसर्गिक' ह्या शब्दानें जंतु दबकत नाहींत. आपली चूक स्वतः शोधून ती जाहीर करणें, ह्यांत मात्र त्या कंपनीनें इतरांस कित्ता घालून दिला.

येथें एक प्रश्न सुशिक्षित घरांतून हल्लीं नेहमीं विचारला जातो: जंतुरोधक द्रव्यें वाईट ना? १९२० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलेल्या पॅराबेन कुळांतील द्रव्यांविषयीं पुष्कळ चर्चा झाली आहे, आणि कोणतें द्रव्य किती प्रमाणांत चालेल हें शास्त्रज्ञ तपासून ठरवीत असतात. तशी तपासणी झालीच पाहिजे. परंतु पाणी असलेल्या क्रीमवर 'जंतुरोधक नाहीं' असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असेल, तर हर्ष मानण्यापूर्वीं विचारावें कीं, मग हें टिकतें कशावर? मुलकोवालच्या बाटलींतून कार्बोलिक आम्ल काढलें होतें, आणि पडलेल्या चिमट्यास अडविणारें आंत कांहींही उरलें नव्हतें.

तो चिमटा अजूनही पडतोच आहे. इंग्लंडांतील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१९ सालीं वापरांतील ४६७ प्रसाधनें तपासलीं; बहुतेकांत जंतु आढळले. चेहऱ्यास रंग लावण्याचे जे स्पंज असतात, त्यांपैकीं शेंकडा ९३ कधींच धुतलेले नव्हते, आणि शेंकडा ६४ केव्हांना केव्हां जमिनीवर पडून पुन्हां वापरांत आले होते. कारखाना, कायदा, प्रयोगशाळा ह्या सर्वांचें काम डबी उघडतांच संपतें, आणि आपलें सुरू होतें. बोटें कोरडीं व धुतलेलीं असावींत. झांकण लागलीच लावावें. काजळ किंवा मस्कारा वाळला म्हणून त्यांत पाणी वा थुंकी घालूं नये. लग्नघरांत एकच काजळकांडी दहा जणींच्या डोळ्यांतून फिरते, तें बंद व्हावें. वास, रंग वा दाटपणा बदललेली वस्तु कितीही महाग असली तरी टाकून द्यावी.

नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या कांठीं आमचें सारंगखेडा गांव आहे. एकमुखी दत्ताच्या यात्रेस मार्गशीर्षांत तेथें घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जाणतें गिऱ्हाईक घोड्याचे दांत पाहतें, खूर उचलून पाहतें, चाल पाहतें, मगच किंमतीचें बोलतें; खोगिरावरील जरीला तें भुलत नाहीं. कोणत्याही यात्रेंत शृंगाराच्या दुकानीं मात्र आपण झांकणावरील चित्रावर डबी घेतों. तिचे दांत आणि खूर म्हणजे तिच्यावरील बारीक अक्षरें: करणाराचें नांव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅचचा क्रमांक आणि कोणत्या तारखेपर्यंत वापरावी तो मजकूर. मुलकोवालच्या बाटलीवर क्रमांक नसता तर तिचा माग परळापर्यंत लागलाच नसता. ज्या डबीवर हीं अक्षरें नाहींत, ती उद्यां अपाय करील तर जाब कोणास विचारणार?

आणि ज्यांना शंका येईल त्यांनीं मुकाट्यानें डबी फेंकून देऊन थांबूं नये. आपल्या कायद्याच्या २६ व्या कलमानें कोणाही नागरिकास, ठराविक फी भरून, विकत घेतलेलें औषध वा प्रसाधन सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार दिलेला आहे. हा अधिकार बहुतेकांस ठाऊकही नसतो. जेथून प्रयोगशाळा दूर आहे अशा आमच्यासारख्या गांवांतील ग्राहकांस तर तो अधिकच अगत्याचा आहे, कारण तपासनीस प्रत्येक यात्रेंतील प्रत्येक दुकानीं पोहोंचणें शक्य नाहीं. एका शाळेनें, एका महिला मंडळानें, एका ग्राहक संघानें वर्षांतून एखादा संशयित नमुना तरी रीतसर तपासणीस पाठविला, तर विकणारांस जाग राहील आणि तपासणारांसही दिरंगाई करतां येणार नाहीं.